ओसरीवरून : खुणेचा दगड

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्यांच्या घरीं लहानमोठीं सहा मुलें असून, पावसाळा लागल्यापासून तीं 'आम्हांस धबधबा पाहावयास न्या' म्हणून हट्ट धरून बसलीं आहेत. घरांतील तरुण मंडळी न्यावयास एका पायावर तयार, तर वडील मंडळींचा विरोध. तेव्हां जावें कीं न जावें, आणि जावयाचें तर कसें, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतां आलें असतें, तर हें सदर मीं चार ओळींतच आटोपलें असतें. परंतु गेल्या वर्षीं आमच्याच घरीं हा प्रश्न उभा राहिला, आणि त्यांत परीक्षा झाली ती मुलांची नव्हे, माझी. त्या परीक्षेंत मी पहिल्या खेपेस नापास झालों. तेवढें सांगितल्यावांचून उत्तर पुरें होणार नाहीं.

प्रथम जावें कां, हें सांगतों. आमचें आगाशी हें गांव सपाटीवरचें. वाडींतील विहिरी, बावखलें, आणि जवळच अर्नाळ्याचा समुद्र, एवढें पाणी येथील मुलांच्या ओळखीचें. बावखलाचें पाणी जागचें हलत नाहीं. समुद्र हलतो खरा, परंतु तो वेळ सांगून येतो. तिथीवरून भरतीओहोटीचा अंदाज बांधणारीं जुनीं माणसें किनाऱ्यावर अद्याप भेटतात. डोंगरांतील ओढ्याची जात निराळी. त्याला पंचांग नाहीं. 'नदी डोंगरांत उगम पावते' हें वाक्य मुलें धड्यांतून घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु वरून पडलेला पाऊस पानांवरून, मुळांवरून, खडकाच्या भेगांतून झिरपत एकत्र येतो आणि त्याचा ओढा होतो, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून त्या वाक्यांत जीव येत नाहीं. म्हणून माझें मत असें कीं, मुलांस एकदां तरी हें दाखवावें.

येथें एका शब्दाची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. धबधब्यास आपण ग्रांथिक भाषेंत 'प्रपात' म्हणतों. परंतु अमरकोशांत हा शब्द पाण्याचा वाचक नाहीं; तो तुटलेल्या कड्याचा वाचक आहे. पाण्याकरितां तेथें निर्झर, झर असे शब्द निराळे दिले आहेत. आपण पाण्याच्या शोभेकडे पाहतां पाहतां कड्यास विसरलों आणि त्याचें नांव पाण्यास देऊन बसलों. धबधबा पाहावयास जाणारांनीं जुना अर्थ मनांत ठेवावा हें बरें : पाणी सुंदर दिसतें, पण तें ज्यावरून पडतें तो कडा आहे.

आमच्या तालुक्यांत लोकांच्या तोंडीं असलेलीं स्थळें दोन. एक नायगांवच्या पूर्वेस, महामार्गापलीकडील चिंचोटीचा धबधबा. तो भव्य आहे. परंतु त्याच्या पायथ्याच्या डोहानें आजवर अनेक तरुणांचे जीव घेतले आहेत. लहान मुलांस तेथें नेऊंच नये. दुसरें स्थळ तुंगारेश्वर. तुंग म्हणजे उंच, आणि डोंगरही नांवाप्रमाणेंच दोन हजार फुटांहून अधिक उंच. परशुरामानें विमलासुराचा पराभव केला, या कथेशीं लोक हें देवस्थान आणि आमच्या शेजारचें निर्मळ या दोहोंची सांगड घालतात. महामार्गावरील सातिवलीपासून महादेवाच्या देवळापर्यंतची वाट तीन-चार किलोमीटरांची, रुंद, फारशी चढ नसलेली. वाटेंत ओढे ओलांडावे लागतात आणि लहानमोठ्या धारा दिसतात. २००३ सालीं येथील सुमारें ८५ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालें. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान एकीकडे आणि तानसा अभयारण्य दुसरीकडे, यांच्या मधला हा दुवा आहे. इतकें घनदाट रान आगगाडीच्या स्थानकापासून इतक्या जवळ असणें हें आमचें भाग्यच म्हणावयाचें.

गेल्या वर्षीं श्रावणांतील एका रविवारीं आम्ही तेथें जाण्याचें ठरविलें. मुलें चार : अकरा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात, सहा वर्षांचा दुसरा नातू आणि चार वर्षांचें शेंडेफळ. मोठीं माणसें पांच : माझा मुलगा, पुतण्या, दोघी सुना व मी. जाण्यास मनाई नाहीं, याची चौकशी मुलानें आधींच केली होती. हवामान खात्याचा इशाराही त्या दिवशीं सौम्यच होता. आदल्या रात्रीं जेवणें झाल्यावर मुलांस ओसरीवर बसवून मीं शिकवणी दिली. माझ्या वडिलांची एक संवय होती. नदीवर स्नानास उतरण्यापूर्वीं ते पाण्याच्या कडेस एक काडी रोवीत आणि अधूनमधून तिजकडे पाहत. तीच गोष्ट मीं खेळाच्या रूपानें मुलांस सांगितली. जेथें पाण्याजवळ थांबूं, तेथें प्रत्येकानें कडेचा एक दगड आपला म्हणून धरावयाचा, आणि तो कोरडा आहे कीं बुडाला हें सांगावयाचें. पाणी गढूळ झालें, त्यांतून पालापाचोळा व काटक्या वाहूं लागल्या, आवाज बदलला, तर ओढ्याला वरून पाहुणा येत आहे असें समजावयाचें. मुलांस 'पाहुणा' हा शब्द फार आवडला. धाकट्यानें तर 'पाहुणा जेवायला थांबणार का?' असेंही विचारून घेतलें.

सकाळीं आगाशीहून बसनें विरार, तेथून आगगाडीनें वसई रोड, आणि पुढें रिक्षानें सातिवली असा प्रवास झाला. बरोबर दशम्या, चटणी, उकडलेले बटाटे आणि अर्थातच आमच्या आगाशीचीं सुकेळीं. राजेळी केळीं वाळवून केलेला हा मेवा अशा वाटेवर फार उपयोगीं पडतो. भिजला तरी बिघडत नाहीं आणि दोन तुकड्यांत मूल पुन्हां चालूं लागतें. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशाचे पैसे भरून आंत शिरलों. दोहों बाजूंस साग, ऐन, कुडा. खालीं तेरडा व रानहळद. कोठून तरी शीळकरी कस्तुराची शीळ येत होती. जणूं एखादा रिकामटेकडा मुलगा गाण्याची सुरुवात करतो आणि विसरतो, तशी ती शीळ.

मुलांबरोबरच्या चालण्याचा हिशेब मोठ्यांच्या हिशेबाहून वेगळा असतो. आपण वाट चालतों. मूल वाटेवरील वस्तू चालतें. खेकडा दिसला कीं पांच मिनिटें, गोगलगाय दिसली कीं दहा. हा वेळ वाया गेला असें मानूं नये. मूल त्यासाठींच आलेलें असतें. मात्र परतण्याची वेळ आधींच ठरवावी. आम्हीं ठरविलें होतें कीं, बारा वाजतां जेथें असूं तेथून मागें वळावयाचें, मग धबधबा दिसो वा न दिसो.

सुमारें साडेदहास आम्ही एका ओढ्याशीं आलों. पाणी घोट्याइतकें, आणि असें स्वच्छ कीं तळाचे खडे मोजावे. ओलांडण्यापूर्वीं मुलांस खावयास दिलें. नातीनें आपला दगड निवडला : काळा, अर्धा पाण्यांत, अर्धा बाहेर, आणि त्यावर आडवी पांढरी रेघ. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत व भेगांत अशीं पांढरीं खनिजें पुष्कळ आढळतात. ती रेघ पाण्याच्या वर चांगली दिसत होती.

पाऊण तास गेला असेल. आमच्या डोक्यावर पाऊस म्हणावा तर रिमझिमच होती. मंडळी उठली, मीही धोतर खोंचलें आणि नातीचा हात धरला. तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, माझा दगड बुडाला."

मीं तिकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. "कोणी तरी हलविला असेल," असें म्हणून पाऊल पुढें टाकलें.

"हलविला नाहीं. रेघ पाण्याखालीं दिसते आहे."

"बरें, बरें. चल आतां."

वाचकहो, मीं असें कां म्हटलें, याचा मीं मागाहून पुष्कळ विचार केला. देऊळ तेथून फार दूर नव्हतें. मला तेथें जाऊन दहा वर्षें झालीं होतीं. श्रावणांत निघून दर्शनावांचून परतावें हें मनास रुचत नव्हतें. शिवाय सारे उठून उभे राहिल्यावर एकट्यानें बसा म्हणणें कठीण असतें. आदल्या रात्रीं जो धडा मीं स्वतः शिकविला, तो आठ वर्षांच्या मुलीनें बिनचूक म्हणून दाखविला, आणि मास्तरच ऐकावयास तयार नव्हते!

तिनें माझा हात सोडविला आणि ओल्या जमिनीवर बसकण मारली. धाकट्या सूनबाई ओशाळून म्हणाल्या, "मामंजी, मी समजावतें तिला," आणि तिला उठविण्याकरितां पुढें झाल्या. तेव्हां कोठें मी वांकलों आणि पाहिलें. पांढरी रेघ चार बोटें पाण्याखालीं गेली होती. तळाचे खडे आतां दिसत नव्हते. पाण्याला चहासारखा रंग आला होता, आणि त्यावरून सागाचीं पानें व काटक्या भराभर जात होत्या.

मीं सर्वांस मागें वळावयास सांगितलें. पुतण्या हंसून म्हणाला, "काका, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं? मी एकेकाला उचलून नेतों."

"जातांना उचलून नेशील," मीं म्हटलें, "येतांना काय करशील?"

तो गप्प झाला. आम्ही वाटेच्या उंच भागावर मागें येऊन थांबलों. अर्ध्या तासाच्या आंत तोच ओढा मोठ्या माणसाच्या मांडीइतका झाला, आणि त्याचा आवाज असा कीं शेजारच्याशीं ओरडून बोलावें लागे. पलीकडे गेलेली कांहीं मंडळी तिकडेच अडकली. पाणी उतरेपर्यंत तीं सर्व शहाणीं माणसें जागेवर बसून राहिलीं आणि संध्याकाळपर्यंत सुखरूप परतलीं, असें मागाहून कळलें. आमच्याजवळ चार लहान मुलें होतीं. चार वर्षांच्या मुलास ओल्या कपड्यांत तितका वेळ बसवून ठेवणें कसें झालें असतें, याची कल्पना प्रत्येक आईस येईल.

असें कां होतें, हें मुलांनाही सांगण्यासारखें आहे. आपला सह्याद्रीचा व त्याच्या फांट्यांचा खडक पाणी फारसें शोषीत नाहीं, आणि उतार तीव्र. त्यामुळें माथ्यावर पडलेली सर थोड्याच वेळांत पायथ्याशीं येते. आपल्या डोक्यावर ऊन असलें तरी वर काय चाललें आहे तें खालून दिसत नाहीं. दुसरें असें कीं, पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. वेगानें वाहणारें पाणी अर्धा फूट असलें तरी तें प्रौढ माणसाचा तोल घालवूं शकतें. मग मुलाची कथा काय? आणि धबधब्याच्या पायथ्याशीं जें फेसाळ पाणी दिसतें, त्यांत हवा मिसळलेली असल्यानें तें माणसास नेहमीच्या पाण्याप्रमाणें तोलून धरीत नाहीं. पट्टीचा पोहणाराही तेथें फसतो तो याचमुळें.

३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास, भुशी धरणाच्या मागील बाजूच्या ओढ्यांत, एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत बहुतेक मुलें होतीं. तीं सर्व प्रवाहाच्या मध्यें एका खडकावर एकमेकांस घट्ट धरून उभीं होतीं, आणि पाणी पाहतां पाहतां वाढलें. तें दृश्य अनेकांनीं चित्रफितींत पाहिलें असेल. तेथें उभ्या असलेल्यांस दोष देण्याचा अधिकार मला नाहीं. मीही त्या रविवारीं एक पाऊल पुढें टाकलेंच होतें.

आतां या सदराचा मुख्य मुद्दा. आपल्या एकत्र कुटुंबांत लहानांनीं वडिलांपुढें उलट बोलूं नये, असा दंडक आहे. मीं तो पाळला, माझ्या मुलांस पाळावयास लावला, आणि एरव्हीं तो टाकावा असें मी म्हणणार नाहीं. परंतु पाण्याजवळ आणि कड्याजवळ तो दंडक चालत नाहीं. ज्याची उंची सर्वांत कमी त्याचे डोळे पाण्याच्या सर्वांत जवळ असतात. त्याला जें दिसतें तें आपल्याला दिसत नाहीं. आणि सुनांच्या बाबतींतही हेंच. थोरल्या सूनबाईंनीं त्या रात्रीं मला सांगितलें कीं, पाणी गढूळलेलें त्यांनाही दिसलें होतें. परंतु मी व त्यांचे यजमान उठल्यावर आपण कसें बोलावें, म्हणून त्या गप्प राहिल्या. हें ऐकून माझी मान खालीं गेली. ज्या घरांत दिसत असूनही बोलतां येत नाहीं, त्या घरांतील वडिलकी कोणाच्या काय कामाची?

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे. डोंगरावर वा पाण्यावर गेलें असतां, कोणीही 'मागें फिरूं' म्हटलें तर सर्वांनीं मागें फिरावयाचें. म्हणणारा चार वर्षांचा असो वा सत्तर वर्षांचा. कारण विचारावयाचें तें सुरक्षित जागीं पोंचल्यावर. आणि घरीं आल्यावर त्याला 'भित्रा' म्हणून चिडवावयाचें नाहीं. हें शेवटचें कलम सर्वांत महत्त्वाचें; कारण एकदां हंसें झालें कीं पुढच्या खेपेस मूल दगड पाहतें, पण सांगत नाहीं.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींस व्यवहाराच्या आणखी दोनचार गोष्टी सांगतों. निघण्यापूर्वीं त्या स्थळीं जाण्यास मनाई नाहीं ना, हें विचारून घ्यावें; पावसाळ्यांत पोलीस व जिल्ह्याचे अधिकारी अशा जागा वेळोवेळीं बंद करतात, आणि तसा हुकूम असल्यास आडवाटेनें जाऊं नये. हवामान खात्याचा इशारा पाहावा. नारिंगी वा तांबडा असेल तर बेत रद्द करावा. मात्र तो इशारा जिल्ह्याचा असतो, ओढ्याचा नव्हे, हें आमच्या अनुभवावरून लक्षांत ठेवावें. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागें एक मोठें माणूस असावें, आणि त्याला त्या दिवशीं दुसरें काम, विशेषतः छायाचित्रें काढण्याचें, देऊं नये. पायांत मागून पट्टा असलेलीं, न घसरणारीं पादत्राणें असावींत. शेवाळलेल्या खडकावर चढूं नये. धारेखालीं उभें राहूं नये, वरून दगड येतात. धबधबा कडेच्या उंच जागेवरून पाहावा. कोणी प्रवाहांत पडलाच तर मागोमाग उडी न घेतां काठी, दोर किंवा लुगडें फेंकावें आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी. कोरडे कपडे पिशवींत वेगळे बांधून न्यावेत, आणि केरकचरा आपल्याबरोबर परत आणावा. तें रान आहे, आपलें परसूं नव्हे.

त्या दिवशीं परततांना मुलें रडलीं, हें लपवीत नाहीं. अकरा वर्षांच्या नातवानें तर बहिणीशीं बोलणेंच सोडलें. वाटेंत कडेच्या खडकावरून करंगळीएवढी एक धार गळत होती, धाकट्यानें तिच्याखालीं तळहात धरला आणि 'हा माझा धबधबा' म्हणून जाहीर केलें. तिघे मागें जमले. अर्धा तास कोणी तेथून हालेना.

पुढें आश्विनांत, पाऊस सरल्यावर, आम्ही पुन्हां गेलों. ओढे निवळले होते, वाट कोरडी होती, आणि उन्हांत मोठमोठीं काळींनिळीं फुलपाखरें उडत होतीं. २०१५ सालीं महाराष्ट्रानें राज्य-फुलपाखरूं म्हणून ज्याचा स्वीकार केला, तें नीलवंत हेंच. देवदर्शन झालें, मुलांनीं धारेशेजारच्या उथळ पाण्यांत पाय बुडविले. शेंडेफळानें मात्र धबधब्याकडे पाहून 'एवढाच?' म्हणून नापसंती दर्शविली. पाणी कमी होतें हें खरें. परंतु लहान मुलांस दाखवावयाचा धबधबा एवढाच असावा. म्हणून, भगिनींनो, मुलांस अवश्य न्या. श्रावणांत घाई न करतां आश्विनांत न्या.

त्याही दिवशीं नात पाण्याकडे पाठ करून कधीं बसली नाहीं. येऊन पोंचतांच तिनें एक दगड निवडला आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्हीही एक धरा." मीं धरला, आणि निघेपर्यंत चार वेळां पाहिला.

पुढील खेपेस दिवाळीच्या सुटींत मुलांकडून मोठ्यानें वाचून घेण्याविषयीं लिहीन.